कातळात नव्हे, पांढरीत : भिक्खुणी-उपस्सयाच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील डोंगरकपारींकडे आपल्या समाजातील अभ्यासू तरुणांचे लक्ष वळले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. ज्या लेण्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘पांडवांची’ म्हटले गेले, ती बौद्ध संघाची आहेत हे सांगण्यासाठी लेणीदर्शनाच्या सहली निघतात, छोट्या पुस्तिका छापल्या जातात, वर्षावासातील प्रवचनांतून त्यांची माहिती दिली जाते. या लेखनातून व भाषणांतून मात्र एक विधान फार सहजपणे केले जाते. कातळात दोन-तीन अरुंद खोल्या दिसल्या, त्यांत कोरीवकाम नसले, जवळ पाण्याचे टाके असले, की तो ‘भिक्खुणींचा विहार’ ठरतो. काही ठिकाणी त्याला ‘मध्ययुगीन’ हे विशेषणही जोडले जाते, आणि शेजारच्या गावदेवीच्या तांदळ्यात एखादी विस्मृत थेरी शोधली जाते.

या विधानामागील भावना समजण्यासारखी आहे. भिक्खुणींना इतिहासाने विसरले, तेव्हा त्यांना त्यांची जागा परत मिळवून द्यावी, ही ती भावना होय. परंतु भावना शुद्ध असली म्हणून पुरावा सिद्ध होत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू या विधानाची चिकित्सा करणे हा आहे. आणि त्याचबरोबर दुसऱ्या टोकाच्या विधानाचीही, की भिक्खुणीसंघ हा प्रारंभापासूनच दुय्यम होता, आठ गरुधम्मांच्या ओझ्याने तो दबला आणि तथागतांच्याच भाकिताप्रमाणे तो लयास गेला. माझ्या मते ही दोन्ही विधाने एकाच चुकीतून जन्मली आहेत. भिक्खुणी राहत कोठे होत्या आणि जेवत काय होत्या, हे दोन साधे प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारलेले नाहीत.

प्रथम निवासाचा प्रश्न घेऊ. विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील दहावा खंधक हा भिक्खुणीखंधक होय. महाप्रजापती गौतमीच्या प्रव्रज्येची कथा त्याच्या आरंभी आहे, म्हणून बहुतेक वाचक तेथेच थांबतात. परंतु पुढे याच खंधकात भिक्खुणींच्या निवासासंबंधीचे नियम क्रमाने आले आहेत. अरण्यात राहणाऱ्या भिक्खुणींवर दुष्टांनी अत्याचार केले, तेव्हा भिक्खुणींनी अरण्यात राहू नये असा नियम झाला. त्यानंतर लगेच एका उपासकाने भिक्खुणीसंघाला ‘उद्दोसित’, म्हणजे माल साठवण्याची वखार, देऊ केल्याची हकीकत येते. तथागतांनी ती स्वीकारण्यास अनुमती दिली. ती जागा अपुरी पडली तेव्हा ‘उपस्सय’ स्वीकारण्याची, मग बांधकाम करवून घेण्याची, आणि पुढे एकेकीसाठी स्वतंत्र निवास करण्याचीही अनुमती मिळाली.

हा क्रम बारकाईने पाहिला पाहिजे. भिक्खूचे निवासस्थान हे ‘विहार’, तर भिक्खुणीचे ‘उपस्सय’. पालि विनयात ‘भिक्खुनुपस्सय’ हा जवळजवळ पारिभाषिक शब्द आहे. त्याचे मूळ डोंगरात नाही, वस्तीत आहे. पहिला उपस्सय ही एका गृहस्थाची वखार होती. या नियमासोबत दुसऱ्या गरुधम्माचा विचार केला, म्हणजे जेथे भिक्खू नाहीत अशा ठिकाणी भिक्खुणीने वर्षावास करू नये, तर भिक्खुणींच्या निवासाचा एक नकाशाच समोर येतो. उपस्सय अरण्यात नसणार. परंतु उपोसथाच्या दिवशी ओवादासाठी भिक्खूंपर्यंत पोचता येईल इतक्या अंतरावर तो असणार. म्हणजे भिक्खू डोंगरात आणि भिक्खुणी डोंगराखालच्या वस्तीत, अशी ती रचना होय.

ही केवळ ग्रंथातील रचना नव्हे. पुणे जिल्ह्यातच तिचा शिलालेखीय पुरावा आहे. जुन्नरच्या परिसरातील डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव दालने आहेत. तेथील एका लेखात गिरिभूती नावाचा दाता लेणे व पोढी दान करतो, आणि त्याच लेखात नगरातील धम्मुत्तरीयांच्या भिक्खुणी-उपस्सयाचा उल्लेख येतो. शब्द ‘विहार’ हा नाही, ‘लेण’ हाही नाही. ‘उपस्सय’ हाच आहे. आणि ठिकाण डोंगर नाही, ‘नगर’ आहे. भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांतील लेख प्रसिद्ध केले, १९१२ मध्ये ल्यूडर्स यांची ब्राह्मी लेखांची सूची आली; म्हणजे हा उल्लेख शतकाहून अधिक काळ अभ्यासकांसमोर आहे. असे असूनही जुन्नरवर लिहिताना आपण सातवाहन, क्षत्रप, यवन दाते आणि व्यापारी श्रेणी यांवर पानेच्या पाने खर्च करतो, आणि नगरातील या उपस्सयाला एक ओळही देत नाही. महाराष्ट्रातील भिक्खुणींच्या निवासाचा इतका स्पष्ट पुरावा हाताशी असताना आपण तो बाजूस ठेवतो आणि जेथे पुरावा नाही तेथे भिक्खुणींची निवासस्थाने कल्पितो, हा विरोधाभास खेदजनक आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. धम्मुत्तरीय हा थेरवादी निकाय नव्हे. परंपरा त्याला वज्जिपुत्तकांच्या शाखांत गणते. तेव्हा पालि विनयाचा प्रत्येक नियम जुन्नरच्या भिक्खुणींवर जसाच्या तसा लादता येणार नाही. परंतु वेगळ्या निकायाचा दगडी लेख जेव्हा पालि विनयातील तोच शब्द आणि तशाच प्रकारचे ठिकाण सांगतो, तेव्हा दोन्ही साक्षी परस्परांना बळ देतात, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आता लेण्यांतील ज्या लेखांत भिक्खुणींची नावे येतात, ते पाहू. कार्ल्याच्या चैत्यगृहात आषाढमित्रा नावाच्या भिक्खुणीने वेदिका दान केल्याचा लेख आहे, तसेच घुणिकाची माता असलेल्या कोडी भिक्खुणीच्या दानाचाही आहे. कान्हेरीला पवजितिका सापा हिने लेणे व पोढी दिली. ती धेनुकाकट येथील उपासक धम्मणक याची कन्या आणि थेर भदंत बोधिक यांची अंतेवासिनी. रायगड जिल्ह्यातील मांदाडच्या खाडीजवळच्या कुडा लेण्यांत पदुमणिका या पवइतिकेचा लेख आहे. तिची आई नागनिका हीदेखील पवइतिका होती. त्या लेखात पदुमणिकेच्या कुळातील दोन थेरांची नावे येतात, आणि तिच्यासोबत बोधी व आषाढमित्रा या शिष्यांचीही. एकाच लेखात आई, मुलगी आणि मुलीच्या शिष्या अशा भिक्खुणींच्या तीन पिढ्या दिसतात. संघातील स्त्रियांची गुरुशिष्य परंपरा याहून स्पष्टपणे कोठे वाचावी?

या लेखांवरून दोन चुकीचे निष्कर्ष काढले जातात. पहिला निष्कर्ष असा, की ज्या लेण्याचे दान भिक्खुणीने केले ते लेणे भिक्खुणींचे निवासस्थान होते. लेख तसे म्हणत नाहीत. सापेचे लेणे संघासाठी दिलेले आहे. आषाढमित्रेची वेदिका चैत्यगृहाची आहे. दात्री असणे आणि रहिवासी असणे या भिन्न गोष्टी होत. व्यापाऱ्याने लेणे दिले म्हणून आपण त्यात व्यापारी राहत होता असे म्हणत नाही; मग भिक्खुणीच्या बाबतीतच हा अनुमानाचा मार्ग का धरावा? दुसरा निष्कर्ष याच्या उलट आहे. सापा स्वतःला एका थेराची अंतेवासिनी म्हणवते, म्हणून भिक्खुणी पूर्णपणे भिक्खूंच्या अधीन होत्या, असे काही विद्वान सुचवतात. परंतु विनयानुसार भिक्खुणीची उपसंपदा प्रथम भिक्खुणीसंघात, भिक्खुणी प्रवर्तिनीच्या हाताखाली होते. थेराचे नाव येते ते शिक्षणाच्या नात्याने. आणि कुड्याची पदुमणिका शिष्यांसह उभी असताना अधीनतेचा हा सिद्धांत कसा टिकावा?

लहान, साध्या खोल्या म्हणजे स्त्रियांच्या खोल्या, हे अनुमान तर मुळीच स्वीकारता येत नाही. शिरवळजवळची सुमारे पंधरा लेणी या प्रकारची आहेत. साधा स्तूप, बाक असलेल्या खोल्या, शिल्पाचा जवळजवळ अभाव. कराडच्या लेण्यांशी त्यांचे साम्य अभ्यासकांनी पूर्वीच नोंदवले आहे. साधेपणा हा काळाचा आणि दात्यांच्या ऐपतीचा निदर्शक आहे. कातळातील खोलीच्या लांबी-रुंदीवरून राहणाऱ्याचे लिंग ठरवण्याचे कोणतेही शास्त्र नाही.

मग भोर-वेल्ह्यात भिक्खुणींचा शोध घ्यावयाचाच नाही काय? अवश्य घ्यावयाचा, परंतु योग्य ठिकाणी. कोकणातून वर येणाऱ्या वाटा या भागाचा कणा आहेत. महाडहून वरंध घाटाने हिरडस मावळात, तेथून नीरेच्या काठाने भोरला आणि पुढे शिरवळला, ही एक वाट. मढे घाटाने वेल्ह्याकडे येणारी दुसरी. या वाटांच्या खालच्या टोकाला महाडजवळ गांधारपाल्याची लेणी आहेत, आणखी खाली समुद्राकडे कुडा. वरच्या टोकाला शिरवळ. भिक्खू जेथून चालले तेथून भिक्खुणीही चालल्या असण्याची शक्यता आहे. परंतु ज्या भिक्खुणी या खोऱ्यांत वर्षावासाला थांबल्या असतील, त्या वरील नियमाप्रमाणे गावात थांबल्या असतील. आपल्या भाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग आहेत : पिकाची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. भिक्खुणीचा उपस्सय कातळात नव्हे, पांढरीत शोधला पाहिजे.

आणि तेथेच अडचण आहे. कातळ टिकतो, पांढरी टिकत नाही. मावळातील पावसात लाकूड, कूड आणि माती यांचे घर काही पावसाळेच उभे राहते. त्याच जागेवर पुढची पिढी नवे घर बांधते. विटांचा पाया असेल तर तो जोत्याला वापरला जातो. त्यात आधुनिक काळाने आणखी भर घातली. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२० च्या दशकात पूर्ण झाले. नंतर पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी ही धरणे झाली. नदीकाठची जुनी गावठाणे, म्हणजेच जेथे उपस्सयाचा माग लागण्याचा संभव सर्वांत अधिक होता ती जमीन, मोठ्या प्रमाणावर पाण्याखाली गेली. पुरुषांचे निवास दगडात आणि स्त्रियांचे मातीत, हा नियमाने घडवलेला भेद होता. इतिहासाने त्या भेदाचे रूपांतर स्मृती आणि विस्मृती यांत केले. लेण्यांचा इतिहास हा संघाचा संपूर्ण इतिहास आहे असे मानणे म्हणजे संघाचा अर्धा भाग गमावणे होय.

आता दुसरा प्रश्न : भिक्खुणीसंघ का लोपला? येथे गरुधम्मांचा आणि पाचशे वर्षांच्या भाकिताचा दाखला हमखास दिला जातो. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ (१९४०) या ग्रंथात याची चिकित्सा करून ठेवली आहे. अपराध घडल्यावरच नियम करणे ही तथागतांची पद्धत. घडण्यापूर्वीच आठ नियमांची यादी देणे त्या पद्धतीशी विसंगत आहे, म्हणून ते नियम मागाहून घातलेले असावेत, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये ‘महाबोधी’ मासिकात लिहिलेल्या ‘हिंदू स्त्रियांची उन्नती आणि अवनती’ या लेखात, स्त्रियांच्या अधोगतीस बुद्ध जबाबदार आहेत या आरोपाचा समाचार घेतला. महापरिनिब्बानसुत्तातील आनंदाशी झालेला स्त्रियांविषयीचा संवाद प्रक्षिप्त आहे, हे त्यांनी अंतर्गत पुराव्याने दाखवले, आणि स्त्रीला परिव्रज्येचा अधिकार देणे ही त्या काळी क्रांती होती हे ठामपणे सांगितले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गौतमीच्या विनंतीला आरंभी मिळालेल्या नकाराचे कारण स्त्री-पुरुष विषमता नसून व्यावहारिक होते, अशीच त्यांची मांडणी आहे.

या दोघांच्या चिकित्सेत मी इतिहासाचा एक पुरावा जोडू इच्छितो. पाचशे वर्षांचे भाकीत मुळात खरेच ठरले नाही. श्रीलंकेत संघमित्रेने नेलेला भिक्खुणीसंघ हजार वर्षांहून अधिक काळ नांदला. दहाव्या शतकापर्यंत तेथील राजांनी भिक्खुणींसाठी उपस्सय बांधल्याच्या नोंदी चूळवंसात आहेत. इ.स. ४३३ च्या सुमारास सिंहली भिक्खुणींच्या साक्षीने चीनमधील भिक्खुणींची उपसंपदा झाली आणि ती परंपरा आजही चालू आहे. लंकेतील संघ लोपला तो चोळांच्या स्वारीत अनुराधपुराची व्यवस्था मोडल्यानंतर. भाकितामुळे नव्हे, आधार तुटल्यामुळे.

आधार हाच कळीचा शब्द आहे. इत्सिंग सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात होता. भारतीय भिक्खुणी चीनमधल्या भिक्खुणींहून फार साधे जीवन जगतात, भिक्षेवर राहतात, त्यांना मिळणारा लाभ अल्प असतो, आणि अनेक ठिकाणच्या विहारांत त्यांच्यासाठी अन्नाची वेगळी तरतूद नसते, अशी नोंद त्याने केली आहे. या नोंदीसमोर वलभीचे ताम्रपट ठेवून पाहावेत. सातव्या शतकाच्या आरंभी मैत्रक राजा शीलादित्य पहिला याने वलभीच्या यक्षशूर विहारातील भिक्खुणीसंघाला दान दिले. त्यात चीवर, अन्न, औषध यांची सोय होती. म्हणजे जेथे तरतूद होती तेथे भिक्खुणीसंघ होता. कान्हेरीच्या नवव्या शतकातील, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातील लेखांकडे वळले तर भिक्खूंची वस्त्रे, ग्रंथ आणि डागडुजी यांसाठी देणग्या दिसतात. भिक्खुणींसाठी वेगळी तरतूद त्यांत नोंदलेली नाही. ज्या कान्हेरीत सापेने स्वतः दान दिले, त्याच कान्हेरीतील सहा-सात शतकांनंतरचे हे चित्र आहे. चौथ्या-पाचव्या शतकानंतर भारतीय लेखांतून दात्या भिक्खुणी दिसेनाशा होतात, हे ग्रेगरी शोपेन यांनी १९८८ च्या आपल्या लेखात निदर्शनास आणले आहे. दात्री म्हणून नाव गेले, पुढे घेणारी म्हणूनही गेले.

या दृष्टीने पाहता ‘मध्ययुगीन भिक्खुणी विहार’ हा शब्दप्रयोग आपण फार जपून वापरला पाहिजे. तेराव्या शतकात महानुभाव पंथात महदाइसेसारख्या संन्यस्त, भिक्षाव्रती स्त्रिया दिसतात, म्हणून त्यांना भिक्खुणीसंघाच्या थेट वारसदार ठरवण्याचा मोह होतो. परंतु साम्य म्हणजे परंपरा नव्हे. मधल्या शतकांची साखळी जुळवून दाखवता येत नाही तोवर तो केवळ तर्क राहील. गावदेवीच्या बाबतीतही हेच. आपल्या विरोधकांनी लेण्यांत पांडव पाहिले. त्याला उत्तर म्हणून आपण प्रत्येक तांदळ्यात थेरी पाहू लागलो, तर पद्धत तीच राहील, केवळ नावे बदलतील.

कोणी विचारील, की इतक्या काटेकोरपणाने काय साधणार? आज भिक्खुणीसंघ पुन्हा उभा राहत आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सारनाथ येथे आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये बोधगया येथे भिक्खुणींची उपसंपदा झाली. महाराष्ट्रातील भगिनीही चीवर धारण करीत आहेत. अशा वेळी त्यांच्या पाठीशी या भूमीतील इतिहास उभा करणे आपले कर्तव्य आहे. पण तो इतिहास चुकीच्या कपारीवर उभारला, तर पहिल्याच परखड अभ्यासकाच्या हातून तो कोसळेल, आणि त्याच्याबरोबर जुन्नरचा उपस्सय, कुड्याच्या तीन पिढ्या, कार्ल्याची वेदिका हे खरे धनही संशयाच्या भोवऱ्यात सापडेल. खोट्या पुराव्याचे हेच मोठे नुकसान असते. तो खऱ्यालाही आपल्याबरोबर नेतो.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. भोर-वेल्ह्यात सहली नेणाऱ्या मंडळींनी लेण्यांबरोबर पायथ्याच्या गावठाणांचीही नोंद ठेवावी. शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना निघालेल्या जुन्या विटा, खापरे, कोरीव दगड यांचे ठिकाण लिहून, छायाचित्र काढून ते पुरातत्त्व विभागास कळवावे. वस्तू जागेवरून हलवू नये. उन्हाळ्यात धरणांचे पाणी ओसरते तेव्हा उघड्या पडणाऱ्या गावठाणांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यातून उपस्सय सापडेलच असे नाही. परंतु शोध योग्य दिशेने सुरू होईल.

दुसरी गोष्ट आपल्या विहारांच्या कारभाऱ्यांसाठी आहे. भिक्खुणीसंघ शास्त्रार्थाने लोपला नाही, ताटात अन्न आणि डोक्यावर छप्पर न राहिल्याने लोपला, असे वरील पुरावा सुचवतो. आज आपल्या किती विहारांच्या वार्षिक हिशेबात भिक्खुणींच्या निवासाची, भोजनाची आणि औषधाची स्वतंत्र तरतूद लिहिलेली असते? वर्षावासासाठी भिक्खूंना निमंत्रण जाते. भिक्खुणी आल्या तर त्यांची सोय एखाद्या उपासिकेच्या घरी केली जाते. अडीच हजार वर्षांपूर्वी एका उपासकाने आपली वखार मोकळी करून दिली होती. इत्सिंगची ती नोंद आपल्या विहारांना पुन्हा लागू पडू नये, एवढी काळजी तर आपल्याला नक्कीच घेता येईल.